गुळवेलीचा काढा

जळकोटच्या थांब्यावर सकाळची सरकारी मोटार येऊन उभी राहिली, की म्हातारी माणसं आधी डायव्हरच्या खिडकीकडं बघत. तिथं महारुद्र दिसला तरच पिशव्या उचलत. महारुद्र मोटार हाकायचा ती पाळणा हलवल्यासारखी. वळणावर बाईच्या मांडीवरचं लेकरू जागं व्हायचं नाही, की टपावरची कोंबड्यांची पाटी सरकायची नाही.

निजामाच्या अमदानीत तो खासगी मोटारीवर किलीनर म्हणून लागला होता. राज्य बदललं, मोटारी सरकारी झाल्या, तेव्हा तोही डायव्हर होऊन सरकारात गेला. रस्ते मात्र जुनेच राहिले. नळदुर्गापासून तुळजापूरपर्यंत नुसते खड्डे. तिशी उलटायच्या आतच महारुद्रची कंबर गेली. संध्याकाळी गाडीतून उतरताना तो दाराला धरून उभा राहायचा आणि मग एकेक पाय जमिनीला लावायचा. ते हैदराबादकडच्या एका जुन्या डायव्हरनं पाहिलं आणि हरभऱ्याएवढी काळी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"खा आन् वर च्या पी. कंबर हाय का न्हाय, तेच इसरशील."

ती अफू होती. महारुद्रला ठाऊक होतं. घरी बायकोला, नागूबाईला, त्यानं सांगितलं की वैद्यानं कंबरेची गोळी दिली आहे. नागूनं विश्वास ठेवला. पुढं पाच-सहा वर्षं ती गोळी सकाळ-संध्याकाळ त्याच्या पोटात जात राहिली, आणि कंबर दुखत नसली तरी गोळीवाचून हात उचलेना अशी गत झाली.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात अफूची सरकारी दुकानं बंद झाली. ज्यांच्याजवळ डॉक्टरचा दाखला होता त्यांनाच परवान्यावर थोडी थोडी मिळायची. महारुद्रचे सासरे, बंडप्पा, तरणेपणापासून अफू खायचे. त्यांनी परवाना काढला. महारुद्र डायव्हर माणूस. दाखला मागायला गेला असता तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती. तेव्हा त्यानं नागूला पुढ्यात बसवून सगळं खरं सांगितलं.

नागूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "म्हंजे आमच्या आप्पांवानीच."

"त्यांच्यावानी न्हाय. म्या सोडणार हाय."

त्यानं कावीळ झाल्याचं सांगून रजा घेतली. गावात डॉक्टर नव्हता, म्हणून तो तुळजापूरला एका डॉक्टरकडं गुपचूप जाऊन आला. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "आठ-दहा दिवस कड काढा. त्रास होईल, पण मरणार नाही. मग मोकळे."

ते आठ-दहा दिवस महारुद्रनं काढले. उलट्या, हगवण, पोटात पीळ. डोळ्यांतून आणि नाकातून पाण्याची धार. वैशाखातल्या उन्हात तो घोंगडी पांघरून कुडकुडत पडायचा आणि अंगावर सोललेल्या कोंबडीसारखे काटे उभे राहायचे. आई, कोंडाबाई, उशाशी बसून राहायची. नागू भांडी उचलायची, धुवायची, परत आणून ठेवायची. त्यानं एकदाही गोळी मागितली नाही. मागावीशी वाटली की तो घोंगडीचं टोक दातात धरायचा.

उलट्या थांबल्या. त्यानं ताकभात खाल्ला. डॉक्टरच्या हिशेबानं तो मोकळा झाला होता.

पण अंगाला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्येष्ठ लागला तरी जांभया थांबेनात. एक सुरू झाली की जबडा दुखेपर्यंत जांभया येत राहायच्या. बोलता बोलता अंगावर थंड घाम फुटे आणि सदरा पाठीला चिकटे. शिंका सुरू झाल्या की गल्लीतली पोरं मोजायला लागायची. रोज पोट बिघडलेलं. सगळ्यात वाईट होते पाय. आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायचं. पाय आपटावा, ताणावा, पुन्हा आपटावा, तरी वळवळ थांबायची नाही. डोळ्याला डोळा लागायचा नाही. पहाटे जरा लागला की कोंबडा आरवायचा.

तो पुन्हा डॉक्टरकडं गेला. डॉक्टर म्हणाला, "कुणाकुणाला जरा रेंगाळतं. धीर धरा."

"किती दिस?"

"ते कसं सांगू?"

महारुद्र परतीच्या वाटेला लागला. चोरी केली असती आणि शिक्षा झाली असती, तर समजलं असतं. पण चोरी सोडल्यावरही शिक्षा चालूच, हे त्याला कळेना. ज्या अंगानं इतकी वर्षं त्याचं ऐकलं, तेच आता फितूर झालं होतं. तो चिडचिडा झाला. आईवर ओरडला, भाकरीचं ताट सारलं. आषाढात रजा संपत आली, म्हणून बघावं तरी, असं म्हणून तो आगारात गेला आणि रिकाम्या मोटारीत बसला. क्लचवर ठेवलेला डावा पाय शिलाई-मशिनीसारखा उडायला लागला. तो उतरला, घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

दोन दिवसांनी नागूनं त्याला गुळवेलीचा काढा दिला. काडेचिराईत, सुंठ, वर गुळाचा खडा. कडू विख.

"आप्पांनी सांगितलाय. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. नेमानं."

त्यानं नाक दाबून घेतला. त्या दुपारी तो झोपला तो दिवे लागेपर्यंत. दोन-चार दिवसांत पाय निवले. शिंका गेल्या, पोट ताळ्यावर आलं. एक दिवस तो परसात उभा होता आणि त्याच्या ध्यानात आलं की सकाळपासून जांभई आलेली नाही. त्याला रडूच आलं. कोंडाबाईनं पाहिलं, पण ती काही न बोलता आत गेली.

महारुद्रला वाटलं, हेच ते. धीर धरला आणि पलीकडं गेलो.

रजा संपली तसा तो पुन्हा गाडीवर चढला. नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत त्यानं मोटारी हाकल्या आणि कुणाच्या धोतराच्या सोग्यालाही धक्का लागू दिला नाही. मोकळं मोकळं वाटायला लागलं तसं त्यानं लपवणंही सोडलं. आता सुटलीच आहे, तर सांगायला कसली लाज? त्यानं सोडली ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. आसपासच्या गावांतले लोक आपल्या घरचा कुणी अफूबाज घेऊन त्याच्याकडं यायला लागले. तो त्यांना जवळ बसवून सांगायचा, "मन घट केलं की व्हतंय. म्या केलं. आन् गुळवेलीचा काढा घ्या." त्यांच्यातल्या कुणाला काढा लागू पडला नाही, तर म्हणायचा, "मनच कच्चं, त्याला काढा काय करंल?"

एकदा पारावर चार माणसांत बंडप्पा बसले होते. म्हातारा अलीकडं फार वाळला होता. नाक सारखं धोतरानं पुसत होता. महारुद्र त्यांना म्हणाला, "मामा, जावयाला जमलं ते तुमाला का जमू न्हाय? परवान्यावर अफू खायची ह्या वयात? लोक काय म्हणत्यात?"

बंडप्पांनी मान खाली घातली. "तुमचं काळीज मोठं, पाव्हणं. आमचं तेवढं न्हाय."

माणसं हसली. महारुद्रही हसला. घरी येऊन त्यानं नागूला हे सांगितलं, तेव्हा ती काथवटीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "आप्पांना असं चारचौघांत बोलू नका," एवढंच ती म्हणाली.

चैत्र पुनवेला येरमाळ्याला येडेश्वरीची जत्रा भरते. साठ साली जत्रेसाठी जादा मोटारी सोडल्या, आणि चांगल्या डायव्हरांना आठवडाभर तिथंच मुक्कामाला पाठवलं. महारुद्रचं नाव पहिलं होतं. निघायच्या सकाळी नागूनं काढ्यानं भरलेली बाटली त्याच्या पिशवीत घातली. त्यानं ती काढून कोनाड्यात ठेवली.

"आता कशाला? म्या बरा हाय की."

"नेमानं घ्यायचा म्हणलेत."

"किती दिस नेम? जलमभर?"

नागू थांब्यापर्यंत त्याच्या मागं आली. बाटली पदराखाली होती. "माझं एवढं ऐका," ती म्हणाली. तिचा आवाज असा होता, की कंडक्टर बिभीषणनंही वळून पाहिलं. महारुद्रला चारचौघांत अवघडल्यासारखं झालं. त्यानं गाडी सुरू केली.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जांभई आली. मग दुसरी, मग शिंक. धूळ असेल, असं तो म्हणाला. दुपारपर्यंत सदरा भिजला, आणि तो घाम थंड होता. येडशी स्टेशनावर आगगाडीनं आलेले जत्रेकरू घेऊन तो परत निघाला तेव्हा पोटऱ्यांत वळवळ सुरू झाली. ही वळवळ तो ओळखत होता. पण नऊ महिन्यांनी? सगळं सरल्यावर?

उतारावर एक बाई डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या कडेनं चालली होती. महारुद्रला जांभई आली, डोळे पाण्यानं भरले, आणि रस्ता पुसट झाला. डोळे उघडले तेव्हा बाई समोर होती. त्यानं ब्रेक दाबला. मोटार घसरत गेली आणि थांबली. बाईच्या डोक्यावरची पाटी बॉनेटवर कलंडली होती. नारळ रस्त्यावर घरंगळत गेले. बाईनं आरडाओरडा केला नाही. तिनं नुसतं काचेतून वर पाहिलं.

"उस्ताद," बिभीषण मागून म्हणाला, "तुमी उतरा. तुमचा हात बगा कसा उडतोय."

येरमाळ्यातून दुसरा डायव्हर बोलावला. महारुद्र येरमाळ्याच्या थांब्याच्या मागं लिंबाच्या झाडाखाली जाऊन पडला. ढोल वाजत होते, माणसं झुंडीनं डोंगराकडं चालली होती, आणि तो पाय आपटत पडून होता. आपलं मनच कच्चं असं त्याला वाटायला लागलं. लोकांना इतकं शिकवलं, आणि आपल्याच अंगातून हे गेलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ऐन उन्हात बंडप्पा त्याला शोधत आले. म्हातारा दोन मोटारी बदलून आला होता. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली बाटली त्यांनी काढली.

"नागूनं धाडलंय. घ्या आदी, मग बोलू."

महारुद्रनं बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा प्याला. कडू घोट घशाखाली गेला. तो झाडाला टेकून बसला. बंडप्पा समोर उकिडवे बसून त्याच्याकडं बघत होते.

घटका गेली असेल. आधी नाक थांबलं. मग पोटरीतली वळवळ हळूहळू शांत झाली. मग पोटात एक ऊब उठली आणि छातीपर्यंत, खांद्यापर्यंत पसरत गेली. कंबर सैल झाली. ढोलांचा आवाज लांब गेला.

ती ऊब महारुद्रच्या ओळखीची होती. पाच-सहा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तो तिची वाट पाहत आला होता. गुळवेलीत ती नसते. सुंठीतही नसते.

त्यानं बाटली खाली ठेवली. "मामा, ह्यात काय हाय?"

बंडप्पांनी धोतराचा सोगा झटकला.

"म्या इचारतोय."

"तुमास्नी कळलंय की. मग माझ्या तोंडून कशाला?"

"कवापासनं?"

"तुमी आगारातनं परत आला, तवापासनं. पोरगी रडत आली माझ्याकडं. आप्पा, ह्यांचं हाल बगवत न्हाईत, नोकरी चालली. म्या माझ्यातली दिली."

महारुद्रनं त्यांच्या वाळलेल्या हातांकडं पाहिलं. पारावर नाक पुसणारा म्हातारा त्याला आठवला. हा माणूस आपला वाटा तोडून त्याला देत होता, आणि तो चार माणसांत त्याला काळीज मोठं करायला शिकवत होता. आणि म्हातारा ते ऐकून घेत होता.

"आईला ठाऊक व्हतं?"

"एका घरात राहून कसं लपंल, पाव्हणं?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. तो परसात रडला तेव्हा आई बघून आत गेली, ती त्यामुळं. नागूचे हात पिठात थांबले, ते त्यामुळं. गावोगावची माणसं त्याच्यापुढं हात जोडून बसायची आणि तो मन घट करायला सांगायचा, तेव्हा आत चुलीवर काढा उकळत असायचा. महारुद्रला त्या उबेचीच किळस आली. आणि ऊब बरीही वाटत होती. त्याची त्याला जास्त किळस आली.

"माझ्या मागं गाडीभर माणसं बसत व्हती, मामा. लेकरं घेऊन बाया. म्या साफ हाय म्हणून बसत व्हती."

म्हातारा खाली माती उकरत राहिला.

बाटलीत निम्मा काढा शिल्लक होता. त्यावर जत्रेचे उरलेले दिवस सुखानं निघाले असते, आणि कुणाला काही कळलं नसतं. महारुद्रनं बूच घट्ट लावलं आणि बाटली बंडप्पांच्या हातात दिली. "तुमचा वाटा हाय. तुमी घ्या."

तिथून उठून तो जत्रेच्या मोटारींवर नेमलेल्या साहेबाकडं गेला आणि सगळं खरं सांगितलं. साहेब आधी रागावला, मग नरमला. त्यानं महारुद्रला गाडीवरून उतरवलं. नोकरीतून काढलं मात्र नाही. बरा झालास तर आगारात दुरुस्तीच्या कामावर ये, म्हणाला.

महारुद्र घरी गेला नाही. बिभीषणचं घर येडशीला स्टेशनाजवळ होतं. तिथं पडवीत त्यानं अंथरूण टाकलं आणि तेच सगळं पुन्हा सुरू झालं. मागच्या वेळेइतकं जोरात नव्हतं, पण आता पुढचं ठाऊक होतं. हे आठ दिवसांत संपणार नाही. पाय महिनोन् महिने वळवळतील. घाम येईल, पोट बिघडेल, आणि बरं वाटलं तर ते खरं की खोटं, याचाही भरवसा नाही.

नागू आली ती दुपारची. बिभीषणची बायको तिला बघून पाण्याला गेली. नागू पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"घरी चला."

"कशाला? पाजायला?"

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "म्या कमी करत आणली व्हती. दर पंधरा दिसाला थोडी थोडी. आप्पांनी शिकवलं तसं. आता निम्म्यावर आली व्हती. पावसाळ्यापतोर सरली असती. तुमाला कळलंबी नसतं."

"तेच तर. मला कळलंबी नसतं." महारुद्र उठून बसला. त्याला घाम फुटला होता. "म्या सोडली, म्या सोडली म्हणून गावभर हिंडलो. तू आत बसून ऐकत व्हतीस. मला एकदा इचारायचं व्हतं, थोडी थोडी कमी करू का म्हणून. म्या न्हाय म्हणलो असतो का?"

"म्हणला असता. तवा तुमी कुणाचं ऐकत व्हता?"

ते खरं होतं.

"आन् तुमी?" नागू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "इतकी वर्सं मला वैद्याची गोळी म्हणून सांगितली. म्या अफूबाजाची लेक. लहानपणी बाप भिताडाला टेकून बसलेला बगितला. लगीन करून सुटले असं वाटलं व्हतं मला. मला कसं वाटलं असंल, ते तुमी कवा इचारलं?"

स्टेशनात मालगाडी येऊन थांबली, डबे एकमेकांवर आदळले. तिचं खोटं त्याच्या खोट्यापेक्षा मोठं, असं त्याला वाटत होतं. का मोठं, ते मात्र सांगता येईना. ती ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं परत गेली.

ज्येष्ठ संपता संपता तो घरी आला. दुसरीकडं जाणार कुठं? नागूनं दारात पाय धुवायला पाणी दिलं. तो तिच्याशी बोलायचा, घरातलं हवं-नको बघायचा. पण चहा आपला आपण करायचा आणि पाणी रांजणातून स्वतः घ्यायचा. भाकरी समोर थापलेली बघून मग खायचा. कोंडाबाईनं एकदा ताकाचा पेला पुढं केला. त्यानं तो हातात घेतला, खाली ठेवला आणि उठून गेला. म्हातारी तशीच बसून राहिली. काढा घरात पुन्हा कुणी उकळला नाही. पारावर बंडप्पा भेटले की महारुद्र त्यांना वाकून नमस्कार करायचा. दोघं त्या विषयावर बोलले नाहीत.

आगारात तो गाडीखाली झोपून स्प्रिंगांच्या पाट्यांना वंगण लावायचा. जांभया यायच्या, घाम यायचा. पोळ्यापर्यंत पोट ठीक झालं. झोप तुटक तुटक का होईना, यायला लागली. हे बरं होणं खरं आहे, हे त्याला ते किती सावकाश चाललंय यावरूनच कळायचं. आज बरं वाटलं, की उद्या पुन्हा शिंका.

पाय मात्र राहिले. एका सुट्टीच्या दुपारी वळवळ इतकी वाढली की तो ओसरीवर बसून पोटऱ्यांवर मुठी मारायला लागला. नागू आतून तेलाची वाटी घेऊन आली आणि काही न विचारता त्याच्या पायाशी बसली. तिनं बोटं वाटीत बुडवली. महारुद्रनं तिचा हात मनगटाला धरून थांबवला, वाटी उचलून नाकाशी नेली आणि वास घेतला.

नागू त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं वाटी खाली ठेवली.

"तिळाचं हाय," ती म्हणाली.

मग तिनं तेल तळव्यावर घेतलं आणि त्याची पोटरी रगडायला सुरुवात केली. तिचे हात दणकट होते. वळवळ थोडी दबली. महारुद्रनं मान फिरवली आणि रस्त्याकडं बघत बसला. ती थांबली नाही, आणि त्यानं पायही काढून घेतला नाही.